नाना आहेत का?

गेल्या महिन्यात काकूच्या घरातला लॅण्डलाईन शेवटी बंद केला. तसा तो तीनेक वर्षं शोभेचाच होता, बिल तेवढं नेमाने यायचं. फोन निघाला आणि भिंतीवर, तो जिथे टेकलेला असायचा तिथे, रंगाचा एक फिका चौकोन उरला. काकू त्या चौकोनाकडे बघत म्हणाली, "ह्या फोनवर रात्री-बेरात्री किती माणसं बोलली असतील रे!"

मी नुसतं "हं" म्हटलं. कारण त्याच फोनवर माझ्याकडून एकदा एक चूक झाली होती आणि ती मी कधी कोणाला सांगितली नाही. नानांच्या पिण्याबद्दल लिहायला काकूची परवानगी घेतली आहे. ह्या चुकीबद्दल मात्र तिला इथेच, तुमच्याबरोबर कळेल. कळू दे.

नातेवाईक मंडळींना नाना ठाऊक आहेतच. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. नाना म्हणजे माझे धाकटे काका. पुण्यात पेठेतल्या वाड्यात दोन खोल्या, पिंपरीकडे कारखान्यात नोकरी, तबल्यावर चांगला हात आणि दारू. १९८८ साली त्यांची दारू सुटली. म्हणजे ते अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या, आपल्याकडे सगळे 'ए.ए.' म्हणतात त्या मंडळींच्या बैठकांना जायला लागले आणि मग २००९ साली जाईपर्यंत प्यायले नाहीत. १९९२ साली नंबर लागून घरी फोन आला. तेव्हापासून त्या फोनला एक विचित्र सवय लागली. रात्री अकरा, साडेबारा, कधी पहाटे तीनला तो वाजायचा, आणि पलीकडून कोणीतरी विचारायचं, "नाना आहेत का?"

नाना उठायचे, स्टूल ओढायचे आणि बसायचे. बोलायचे फार कमी. "हं... मग?... घरी कोण आहे आत्ता?... बरं, पाणी प्या एक ग्लास, मी धरतो फोन." तास तास चालायचं. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहत होतो आणि माझी झोपेची जागा नेमकी त्या स्टुलाशेजारी. मी वैतागायचो. एकदा म्हटलंदेखील, "त्यांना सकाळी फोन करायला काय होतं?" नाना हसले. म्हणाले, "सकाळी त्याला माझी गरज नसते रे. आणि खरं सांगू? रात्री मला त्याची असते."

हे शेवटचं वाक्य मला कित्येक वर्षं कळलं नव्हतं.

नाना गेल्यावर मी ह्या सगळ्याबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. संकटात सापडलेल्या माणसाने अनोळखी माणसाला फोन करायचा, ही कल्पना मुळात आली कुठून? वाचता वाचता दोन गोष्टी हाती लागल्या. दोन्ही १९३५ सालच्या, पण एक अमेरिकेतली आणि एक इंग्लंडमधली.

पहिली अमेरिकेतली. ओहायो राज्यात अ‍ॅक्रन नावाचं गाव आहे. मे महिन्यातला शनिवार. न्यूयॉर्कहून आलेला बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातला माणूस मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत उभा होता. ज्या व्यवहारासाठी आला तो फिसकटला होता, खिशात फार पैसे नव्हते, आणि पिणं सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका टोकाला बार, तिथून हसण्याखिदळण्याचा आवाज येतोय. दुसऱ्या टोकाला टेलिफोन, आणि शेजारी गावातल्या चर्चेसची यादी.

तो फोनकडे गेला. एका पाद्र्याला फोन लावला, त्याच्याकडून काही नावं मिळाली, मग त्या नावांना फोन लावत बसला. त्याने त्या फोनवर जे मागितलं ते नीट लक्षात घ्यायला हवं. "मला वाचवा" असं तो म्हणाला नाही. ज्याला मी मदत करू शकेन असा दुसरा दारुडा माझ्याशी गाठ घालून द्या, हे त्याचं मागणं होतं! न्यूयॉर्कमध्ये पाच महिने तो दारुड्यांना शुद्धीवर आणायच्या मागे होता. एकही टिकला नव्हता. पण बायकोने, लोइसने, त्याच्या लक्षात आणून दिलं होतं की दुसरं कोणी टिकलं नसलं तरी तो स्वतः टिकला आहे.

फोन करता करता हेन्रिएटा सायबरलिंग ह्या बाई सापडल्या आणि त्यांच्यामार्फत डॉ. बॉब स्मिथ. हा शल्यचिकित्सक, आणि पिण्यापायी व्यवसाय धुळीला मिळालेला. दुसऱ्या दिवशी, म्हणजे १२ मेला, संध्याकाळी पाच वाजता तो आला तो "फक्त पंधरा मिनिटं थांबेन" ह्या अटीवर. उठला तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेले होते. मध्ये एकदा घसरण झाली, पण १० जून १९३५ नंतर डॉ. बॉब प्यायला नाही, आणि तीच तारीख ए.ए.चा जन्मदिवस मानली जाते. नानांच्या बैठकीत हा दिवस साजरा व्हायचा, जिलेबी असायची. मला तेव्हा जिलेबी तेवढी कळायची.

दुसरी गोष्ट इंग्लंडमधली आणि तिचा शेवट गोड नाही. लिंकन गावात चॅड वारा नावाचा नवाकोरा तरुण पाद्री होता. त्याने केलेला पहिलाच अंत्यविधी चौदा वर्षांच्या मुलीचा होता. तिने स्वतःचा जीव घेतला होता. कारण? तिला पाळी आली होती, ते काय आहे हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं, आणि आपल्याला काहीतरी लाजिरवाणा रोग झालाय असं तिने मनाशी धरलं होतं. विचारणार कोणाला? त्या घरात, त्या गावात तिला विचारता येईल असं एकही माणूस नव्हतं.

ही मुलगी त्याच्या डोक्यातून पुढे कधी गेली नाही. तो तरुण मुलामुलींशी लैंगिक विषयांवर उघडपणे बोलत राहिला, लिहीत राहिला. पोटापाण्यासाठी मुलांच्या कॉमिक्सकरता गोष्टीही लिहिल्या. १९५३ साली त्याला लंडनच्या मध्यभागातलं सेंट स्टीफन वॉलब्रुक हे चर्च मिळालं. कचेऱ्यांचा भाग. रात्री राहणारी वस्ती जवळजवळ नाही, म्हणजे हाताशी वेळ आहे. लंडनमध्ये १९३७ पासून ९९९ हा तातडीचा नंबर होता. आग लागली, चोर आले, अपघात झाला की फिरवा. पण जगणं नको झालेल्या माणसाने कोणता नंबर फिरवायचा?

त्याने मनाशी ठरवलेला नंबर होता मॅन्शन हाऊस ९०००. तेव्हा तिथे नंबराच्या आधी एक्स्चेंजचं नाव असायचं. तो पुढे गमतीने सांगत असे की, हा नंबर मागावा म्हणून चर्चमधला फोन उचलला, त्यावरची धूळ पुसली, तर त्या फोनचा नंबर तोच निघाला! २ नोव्हेंबर १९५३ रोजी त्यावर पहिला फोन आला. वर्तमानपत्रांत बातमी झाली, 'डेली मिरर'ने 'समॅरिटन' हे नाव चिकटवून दिलं आणि ते कायमचं चिकटलं. तो काळा फोन त्या चर्चमध्ये काचेच्या पेटीत जपून ठेवला होता. वारा स्वतः २००७ साली, ९५ वर्षांचा होऊन वारला.

पण मला आवडलेला भाग ह्याच्या पुढचा आहे. जाहिरात झाल्यावर लोक फोन करायला लागले तसे प्रत्यक्ष भेटायलाही यायला लागले. गर्दी व्हायची. मग काही भल्या मंडळींनी मदतीची तयारी दाखवली. ही साधी माणसं, डॉक्टर नाहीत की मानसशास्त्रज्ञ नाहीत. त्यांचं काम काय, तर बाहेर बसलेल्यांना चहा द्यायचा, सोबत बसायचं. वाराच्या लक्षात आलं की चहा पिता पिता ह्या मंडळींशी बोलून झालं की बरेचसे लोक म्हणतात, "आता पाद्रीबुवांना भेटायची गरज नाही." उठून घरी जातात! पंडिताचा सल्ला हवा असणारे थोडे होते, ऐकणारं माणूस हवं असणारे पुष्कळ. हे कळल्यावर त्याने १९५४ च्या फेब्रुवारीत फोन उचलायचं काम सरळ ह्या चहावाल्या मंडळींच्या हाती सोपवलं. स्वतःच्या विद्वत्तेला असं बाजूला ठेवणं सोपं नसतं, मंडळी.

आणखी एक. त्या वेळी इंग्लंडमध्ये जीव द्यायचा प्रयत्न हा गुन्हा होता. १९६१ साली कायदा बदलेपर्यंत होता. म्हणजे फोन करणारा माणूस एका अर्थी गुन्ह्याची कबुलीच देत होता. नाव विचारायचं नाही, ऐकलेलं बाहेर बोलायचं नाही, ह्या नियमाला त्यामुळे किती वजन होतं बघा.

आता आपल्याकडे येतो. ए.ए. भारतात आली १९५७ च्या सुमारास. पण फोन? आपल्याकडे फोन म्हणजे नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. आमच्या वाड्यात एकच फोन, तळमजल्यावर मालकांच्या बैठकीच्या खोलीत. नाना पगाराच्या दिवशी रात्री घरी आले नाहीत की काकू खाली जायची, मालकीणबाईंना विचारून फोन करायची. आणि बोलायची काय? "ते निघाले का तिथून?" एवढंच. समोर मालक पेपर वाचत बसलेले, त्यांची सून भाजी निवडतेय. तिथे ती काय बोलणार? "नवरा पितो आणि मला भीती वाटते" हे वाक्य बोलायला चार भिंती, बंद दार आणि दारामागे फोन लागतो. हेल्पलाईन नुसत्या दयेवर चालत नाही, तिला एकांत लागतो. पश्चिमेत जे १९५३ साली झालं ते आपल्याकडे रुजायला तीस-पस्तीस वर्षं लागली त्याचं हेही एक कारण असावं असं मला वाटतं. पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले, काचेचं दार ओढून घेता यायला लागलं, तेव्हा किती बायकांनी पहिल्यांदा मोकळेपणी श्वास घेतला असेल!

ह्या सगळ्यात १९८६ हे साल मला मोठं गंमतीचं वाटतं. त्या वर्षी १ एप्रिलला मुंबई-दिल्लीच्या फोनसाठी एम.टी.एन.एल. सुरू झालं. त्याच वर्षी चेन्नईत, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. लक्ष्मी विजयकुमार ह्यांनी 'स्नेहा' ही आत्महत्या रोखण्यासाठीची संस्था काढली, वाराच्या धर्तीवर, स्वयंसेवकांच्या जोरावर. आणि २९ ऑगस्टला आपल्या पुण्यात 'मुक्तांगण' उभं राहिलं. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेलं वाचून पु.ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी मदत देऊ केली, आणि मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट, म्हणजे अवचटांच्या लेखनातली सुनंदा, हिने येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते काम उभं केलं. हे तुम्हां सगळ्यांना माहीत आहेच. लेख वाचून कोणीतरी उठलं आणि काहीतरी केलं, हे मराठी माणसाला अभिमानाने सांगण्यासारखं.

त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात एक खटला उभा होता. मुंबई पोलिसातला एक शिपाई, अपघातात डोक्याला मार लागल्यापासून मनाने आजारी. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला म्हणून भारतीय दंडविधानाच्या ३०९ व्या कलमाखाली त्याच्यावर गुन्हा. हे कलम १८६० च्या कायद्यातलं, शिक्षा एक वर्षापर्यंत कैद. मरायला निघालेल्या माणसाला वाचवायचं आणि वाचला म्हणून तुरुंगात टाकायचं! न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढे १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने तोच सूर लावला आणि १९९६ साली मोठ्या पीठाने तो फिरवला. कलम परत जिवंत. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जो २९ मे २०१८ पासून लागू झाला, असं गृहीत धरलं की असा माणूस तीव्र ताणाखाली असतो, त्याला शिक्षा करायची नाही, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली त्यात ते जुनं कलम तसं राहिलेलंच नाही. म्हणजे इंग्रजांनी स्वतःच्या घरी १९६१ साली जे टाकून दिलं ते आपण आणखी साठेक वर्षं सांभाळलं. आजही घरचे लोक "पोलीस केस होईल" म्हणून गप्प बसतात ते उगीच नाही.

१९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेचा एक प्रकल्प म्हणून जेरू बिलिमोरिया ह्यांनी मुलांसाठी १०९८ सुरू केला. रस्त्यावरच्या मुलांना त्यांनी आधी आपला घरचा नंबर देऊन ठेवला होता आणि रात्री-अपरात्री फोन यायला लागले, त्यातून ही कल्पना निघाली. दहा-नऊ-आठ, उलटे आकडे, शाळेत न गेलेल्या पोरालाही पाठ व्हावेत असे. हे वाचलं तेव्हा मला आमचं स्टूलच आठवलं.

आता माझी चूक.

नाना गेले त्याच्या पाचव्या दिवशीची रात्र. घरात पाहुणे झोपलेले. साडेबाराला फोन वाजला. मी स्टुलाशेजारीच होतो, सवयीने उचलला. पलीकडे बराच वेळ नुसता श्वास. मग एक पुरुषी आवाज, ओला. "नाना आहेत का?"

मी म्हटलं, "नाना गेले."

इतकंच. खरं तेच बोललो. पलीकडे शांतता, आणि मग फोन ठेवल्याचा आवाज. त्या फोनवर नंबर दिसायची सोय नव्हती. तो कोण होता, कुठून बोलत होता, त्या रात्री पुढे त्याचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. आज सोळा-सतरा वर्षं होऊन गेली, पण रात्री कुठेही फोन वाजला की तो श्वास आधी ऐकू येतो. मी आणखी दोन शब्द बोलायला हवे होते. कोणते, तेही तेव्हा माहीत नव्हतं.

ते शब्द काकूकडून शिकलो. तेराव्यानंतर आठवड्याभरातच पुन्हा असाच फोन आला. ह्या वेळी ती आधी पोचली. तिने ऐकलं, एक क्षण थांबली, मग पायाने स्टूल ओढलं, बसली आणि म्हणाली, "नाना नाहीत हो. पण मी आहे. बोला." पाऊण तास बसली होती. शेवटी नानांच्या वहीतून त्यांच्या बैठकीतल्या एका जुन्या माणसाचा नंबर काढून दिला आणि "त्यांच्याशी बोलून झालं की मला परत फोन करून सांगा" असं बजावलं. परत फोन आला. मग ती झोपली.

ज्या बाईला वाड्यातल्या फोनवर एक वाक्य मोकळं बोलता आलं नव्हतं, तिने हे केलं. बिल विल्सनच्या लोइसने १९५१ साली दारुड्यांच्या घरच्यांसाठी 'अल-अनॉन' काढलं. आमच्या काकूने ते नावही ऐकलं नव्हतं.

हे सगळं आज लिहायचं कारण निराळंच आहे. दिवाळीनंतर एका ओळखीच्या बाईंचा मला रात्री उशिरा फोन आला. मुलगा नशेत आहे, "मला जगायचं नाही" म्हणतोय, कोणाला फोन करू? मी त्यांना म्हटलं, त्याच्याजवळ बसा, एकटं सोडू नका, मी शोधतो. आणि शोधायला बसलो. इंटरनेटवर नंबरांचा पूर आहे हो! एक लावला, अस्तित्वात नाही. दुसरा वाजून वाजून थांबला. तिसऱ्यावर टेप, वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. कुठल्या कुठल्या जुन्या याद्या एकमेकांवरून उतरवलेल्या. वीस मिनिटं गेली. बुडणाऱ्याला दोर शोधायला लावायचा आणि त्यातले निम्मे दोर कुजलेले, असा प्रकार. शेवटी १४४१६ लावला, माणूस भेटला, मराठीत बोलला. त्या बाईंना तो दिला. मुलगा आता उपचार घेतोय. कसं होईल ते माहीत नाही, पण आहे.

तर मंडळी, नंबर शोधायची वेळ ही नंबर लागायच्या वेळेच्या आधीची असते. आज, सगळं ठीक असताना, तीन आकडे लिहून ठेवा. १४४१६ म्हणजे टेली-मानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची सेवा. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फुकट, चोवीस तास, वीस भाषांत. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय नंबर. घरच्यांनी केला तरी चालतो, पिणाऱ्यानेच करायला हवा असं नाही. आणि जिवाला आत्ता ह्या घडीला धोका असेल तर ११२. लिहून झाल्यावर एकदा लावूनही बघा, कारण नंबर बदलतात, बंद पडतात. आणि ज्याच्याबद्दल शंका येते त्याला सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतोय का?" विचारल्याने त्याच्या डोक्यात काही भरवलं जात नाही. उलट बऱ्याचदा कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटतं.

नानांचं ते वाक्य आता कळतं. रात्री मला त्याची गरज असते. हॉटेलच्या लॉबीत उभ्या असलेल्या त्या माणसाला हेच तर हवं होतं. फोन करणारा आणि उचलणारा, दोघंही त्या रात्रीपुरते एकाच तारेला धरून असतात.

काकूने परवा त्या फिक्या चौकोनावर नवं कॅलेंडर लावलं. शेवटच्या पानाच्या मागे, दूधवाला आणि गॅसवाल्याच्या नंबरांच्या वर, तिने ठळक अक्षरात १४४१६ लिहिलंय. त्याच्याखाली तिचा स्वतःचा मोबाईल नंबर. मी म्हटलं, "काकू, स्वतःचा नंबर कशाला? तो तर तुला पाठ आहे."

म्हणाली, "मला आहे रे. घरात येणाऱ्या-जाणाऱ्याला कुठे आहे?"